पहिला फोन कुणाला?

धंतोली ही एके काळची नागपुरातील शांत वसाहत. वकील, प्राध्यापक, वैद्यकीय व्यावसायिक यांचे टुमदार बंगले, अंगणातील झाडे, तिन्हीसांजेला रामकृष्ण मठाकडे वळणारी पावले, असे तिचे चित्र जुन्या नागपूरकरांच्या मनात आजही आहे. गेल्या काही दशकांत ते पालटले. बंगल्यांच्या जागी रुग्णालये आली, त्यांच्या आधाराने औषधांची दुकाने आणि तपासणी केंद्रे आली. वाहनांची कोंडी इतकी विकोपाला गेली की धंतोली नागरिक मंडळाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. दिवसा येथे पाय ठेवायला जागा नसते. मध्यरात्री मात्र रस्ते मोकळे होतात आणि त्या शांततेत रुग्णवाहिकेचा भोंगा अधिकच कर्कश वाटतो. त्यातल्या काही रुग्णवाहिका हृदयविकाराचे किंवा अन्य आजाराचे रुग्ण घेऊन येतात. काहींमध्ये मात्र असा माणूस असतो, ज्याचा दोष एवढाच की तो त्या क्षणी त्या रस्त्यावर होता.

अशा अपघातानंतर शहराच्या दोन घरांत फोन खणखणतो. एका घरात गेलेला फोन सांगतो की मुलाला दवाखान्यात नेले आहे, ताबडतोब या. त्या घरची माणसे हाताला लागेल ते पैसे घेऊन, चपला उलटसुलट घालून धावत सुटतात. दुसऱ्या घरात गेलेला फोन सांगतो की गाडी ठोकली गेली आहे, पोलीस आले आहेत. आणि त्या घरातून लगेच तिसरा फोन फिरतो. तो रुग्णवाहिकेला जात नाही. तो जातो ओळखीच्या नगरसेवकाला, आमदाराच्या स्वीय सहायकाला, पोलीस खात्यातल्या नातलगाला किंवा नावाजलेल्या वकिलाला. मद्यपी वाहनचालकांमुळे होणारे मृत्यू रोखण्यासाठी शासनाने आजवर केलेले कायदे, वाढवलेले दंड आणि काढलेली अभियाने या तिसऱ्या फोनपाशी येऊन अडखळतात. या प्रश्नाचा विचार तेथूनच सुरू व्हायला हवा.

२०२४ हे वर्ष महाराष्ट्राला या दृष्टीने आरसा दाखवणारे ठरले. फेब्रुवारीच्या अखेरीस नागपूरच्या रामझुल्यावर मध्यरात्रीनंतर एका आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुणांना उडवले. दोघेही प्राणास मुकले. प्रारंभी सौम्य कलम लागले, चालक महिलेला तत्काळ जामीन मिळाला आणि सदोष मनुष्यवधाचे कलम मागाहून जोडले गेले. रक्ताचा नमुना केव्हा घेतला गेला, हाच मग वादाचा मुद्दा झाला आणि तपास पुढे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. १९ मेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. काही तासांत जामीन आणि त्यासोबत ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट, हे ऐकून सारा देश अवाक् झाला. त्याहून भयंकर बाब नंतर पुढे आली. मुलाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. ७ जुलैला मुंबईत वरळी येथे पतीसमवेत दुचाकीवरून जाणाऱ्या एका कोळी भगिनीला गाडीने फरफटत नेले. आरोपी राजकीय कार्यकर्त्याचा मुलगा होता आणि तो पोलिसांच्या हाती लागला दोन दिवसांनी. तोवर त्याच्या रक्तात काय उरणार होते?

आणि ९ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर धंतोलीला लागून असलेल्या रामदासपेठेत एका महागड्या गाडीने रस्त्यावरील अनेक वाहनांना धडक दिली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. गाडी राज्यातील सत्ताधारी पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याच्या मुलाच्या नावे होती. गाडी चालवणाऱ्याला अटक झाली. परंतु गाडीत कोण कोण होते, तपासणी कुणाची झाली आणि कुणाची राहिली, यावरून वादंग माजले. संबंधित नेत्याने स्वतःच निष्पक्ष चौकशी व्हावी असे सांगितले, हे योग्यच झाले. तथापि, अशी चौकशी मागण्याची वेळ का यावी, हा प्रश्न पक्षाभिनिवेश बाजूला ठेवून विचारलाच पाहिजे. विरोधकांच्या घरची गाडी असताना जो न्याय मागायचा, तोच आपल्या माणसाच्या गाडीलाही लावण्याचे धैर्य नसेल, तर सार्वजनिक जीवनातील शुचितेवर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

या सर्व घटनांमध्ये एक समान सूत्र आहे आणि ते वेळेचे आहे. मद्य शरीरात गेल्यावर ते रक्तात मिसळते आणि यकृत ते ठरावीक गतीने नष्ट करीत राहते. सर्वसाधारणपणे दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ ते २० मिलिग्रॅम इतके मद्य शरीरातून नाहीसे होते. थंड पाण्याने आंघोळ केल्याने, कॉफी पिल्याने किंवा लिंबू चोखल्याने ही गती वाढत नाही. पण वेळ काढल्याने काम आपोआप होते. रात्री एक वाजता ज्याच्या रक्तात १२० मिलिग्रॅम मद्य आहे, त्याच्या रक्तात सकाळी सात वाजता जेमतेम ३० उरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार ३० मिलिग्रॅम हीच आपली कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे मध्यरात्री कायद्याने अनुज्ञेय प्रमाणाच्या चौपट मद्य घेऊन गाडी चालवणारा माणूस केवळ सहा तास टाळाटाळ करू शकला, तर कागदावर तो जवळजवळ निर्दोष ठरतो. चोरी झाल्यावर मुद्देमाल लपवावा लागतो, पुरावा जाळावा लागतो. येथे पुरावा स्वतःच विरघळून जातो. आरोपीने फक्त घड्याळाकडे पाहत बसायचे.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. या कलमाखाली अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झालीच पाहिजे, अन्यथा तिला सोडून द्यावे लागेल, असे कलम २०२ सांगते. तपासणीस नकार देणाऱ्याचा तो नकारच त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी परिस्थिती मानता येतो, अशी तरतूद कलम २०५ मध्ये आहे. दोन तासांची ही मुदत नागरिकाला पोलिसांच्या मनमानीपासून संरक्षण देण्यासाठी आहे आणि ते उचितच आहे. परंतु ज्याच्याकडे ओळख आहे, त्याच्यासाठी हीच मुदत पळवाट बनते. पंचनाम्याला वेळ लागला, वाहन मिळाले नाही, वैद्यकीय अधिकारी अन्य रुग्णात गुंतले होते, अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या नोंदींमध्ये दोन तास कधी सरतात ते कळत नाही. तिसऱ्या फोनचे मूल्य नेमके येथे आहे. त्या फोनने कुणी गुन्हा माफ करीत नाही. तो फक्त थोडा उशीर करवतो, आणि तेवढा उशीर पुरेसा असतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८८ च्या कायद्यात पहिल्या अपराधाला दंडाची कमाल मर्यादा अवघी २,००० रुपये होती. २०१९ च्या सुधारणेने ती १०,००० रुपये झाली, आणि सहा महिन्यांपर्यंतचा कारावास कायम राहिला. दुसऱ्यांदा सापडल्यास १५,००० रुपये दंड आणि दोन वर्षांपर्यंतचा कारावास होऊ शकतो. हा अपराध जागच्या जागी तडजोडीने मिटवता येत नाही, न्यायालयात उभे राहावेच लागते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी कठोर तरतूद याच सुधारणेने आणली. ही सुधारणा ज्यांच्या कारकिर्दीत झाली, ते केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपूरचेच. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये रस्ते अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावेसे वाटते, अशी कबुली त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत दिली. सत्तेतील मंत्र्याने स्वतःच्या खात्याच्या अपयशाविषयी इतके स्पष्ट बोलणे आपल्याकडे विरळाच. २०२३ या एका वर्षात देशात १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. महाराष्ट्राचा त्यातील वाटा १५ हजारांच्या घरात होता. एखाद्या युद्धात इतकी जीवितहानी झाली असती, तर राष्ट्राने शोक पाळला असता.

यांपैकी मद्यपी चालकांमुळे किती? शासकीय अहवालांवर विश्वास ठेवायचा, तर जेमतेम दोन-अडीच टक्के. सुमारे सत्तर टक्के मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदवले जाते. हे आकडे जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी थोडा विचार करावा. अतिवेग कशामुळे झाला, हा रकाना कोण भरतो? अपघातस्थळी श्वास तपासणी झालीच नाही, रक्त घेतलेच नाही किंवा फार उशिरा घेतले, तर मद्याची नोंद होणार कुठून? जेथे रुग्णालयात आलेल्या जखमींची पद्धतशीर तपासणी झाली, तेथे मद्याचे प्रमाण पोलिसी नोंदींपेक्षा खूपच अधिक आढळले आहे. रोगाचे निदानच चुकीचे लिहिले जात असेल, तर उपचार योग्य कसा होणार? यास्तव प्रत्येक जीवघेण्या अपघातात, चालक जिवंत असो वा मृत, मद्यतपासणी अनिवार्य करणे आणि तिची वेळ नोंदवणे ही या विषयातील पहिली प्रशासकीय सुधारणा ठरावी.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतरचा प्रसंग विदर्भ विसरलेला नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी प्रवासी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ उलटली, पेटली आणि २५ प्रवासी आतच होरपळून गेले. त्यांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी निघालेली तरुण मुले होती. प्रथम टायर फुटल्याची चर्चा झाली, नंतर चालकाच्या डोळ्यावर झापड आल्याची. पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात चालकाच्या रक्तात मद्यांश आढळल्याचे वृत्त आले. त्या बसमध्ये चढताना प्रत्येक आईवडिलांनी मुलाला 'पोहोचलास की फोन कर' असे सांगितले असेल. चालकाने श्वास तपासणी करूनच सुकाणू हाती घ्यावे, एवढी साधी व्यवस्था त्या थांब्यावर असती, तर? विमानाच्या वैमानिकाला उड्डाणापूर्वी ही चाचणी द्यावी लागते आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. रात्रभर चाळीस जीव घेऊन धावणाऱ्या बसच्या चालकाला ती का नसावी?

कायद्याची कठोरता आणि कायद्याची निश्चिती यांत फरक आहे. जगाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. इंग्लंडमध्ये मद्याची मर्यादा आजही १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, म्हणजे भारताच्या अडीचपटीहून अधिक आहे. कागदावर आपण इंग्लंडपेक्षा कितीतरी कडक आहोत. तरीही तेथील रस्ते आपल्यापेक्षा सुरक्षित आहेत, कारण १९६७ साली श्वास तपासणी कायद्यात आली तेव्हापासून पकडले जाण्याची भीती तेथे खरी आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने डिसेंबर १९८२ मध्ये कोणताही संशय नसतानाही कोणत्याही वाहनचालकास थांबवून तपासण्याची पद्धत सुरू केली. ही तपासणी दिवसा, रात्री, मुख्य रस्त्यावर, गल्लीत, कुठेही होऊ शकते आणि तीतून कुणीही सुटत नाही. तेथील मद्यजन्य प्राणघातक अपघातांचे प्रमाण पुढील वर्षांत मोठ्या प्रमाणावर खाली आले. जपानने २००७ मध्ये त्याहीपुढचे पाऊल टाकले. मद्यपीला गाडी देणारा, त्याने गाडी चालवायची आहे हे ठाऊक असूनही त्याला मद्य पाजणारा आणि सर्व जाणून त्याच्या गाडीत बसणारा, हे तिघेही तेथे शिक्षेस पात्र ठरतात. अपराध एकट्या चालकाचा नसतो, त्याच्याभोवतीच्या मैफलीचाही असतो, हे जपानी समाजाने ओळखले.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. मुंबई पोलिसांनी २००७ च्या मध्यापासून मद्यपी चालकांविरुद्ध सातत्याने मोहीम उघडली. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना एका मद्यपी तरुणाच्या गाडीने चिरडले होते. त्याची पार्श्वभूमी या मोहिमेला होती. त्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. सात जीवांसाठी तीन वर्षे, तीही पाच वर्षांनंतर. मात्र मोहिमेने मुंबईत एक सवय रुजवली. मेजवानीला निघताना 'आज गाडी कोण चालवणार' हे आधी ठरू लागले. पकडले जाण्याची शक्यता वाढताच सुशिक्षित माणसाची सद्सद्विवेकबुद्धी जागी होते, हा मनुष्यस्वभाव आहे. नागपूर वाहतूक पोलिसांनी २०२५ मध्ये 'ऑपरेशन यू-टर्न' या नावाने मद्यपी चालकांविरुद्ध अशीच मोहीम हाती घेतली. ती स्वागतार्ह आहे. तिचे यश मात्र पकडलेल्या माणसांच्या संख्येवर न मोजता, ती किती वर्षे टिकते यावर मोजावे लागेल. ३१ डिसेंबर, धुळवड आणि पोळ्याची कर या दिवशी चौकाचौकांत अडथळे उभारायचे आणि एरवी रस्ता मोकळा सोडायचा, याला बंदोबस्त म्हणता येईल, धोरण म्हणता येणार नाही. आज अमुक चौकात तपासणी आहे, ही वार्ता भ्रमणध्वनीवरून दहा मिनिटांत शहरभर पसरते. मद्यपी मग दुसऱ्या गल्लीतून जातो. तपासणीची जागा आणि वेळ अनपेक्षित असेल आणि थांबवलेल्या प्रत्येकाची तपासणी होणार असेल, तरच ती परिणामकारक ठरते.

शासनाच्या प्रयत्नांतील सर्वांत मोठी विसंगती मात्र तिजोरीपाशी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानले आहे. ज्या कायद्याखाली महाराष्ट्रात मद्यविक्रीचे परवाने दिले जातात, त्याचे नाव आजही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ असे आहे. नाव दारूबंदीचे आणि व्यवहार दारूच्या महसुलाचा. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन आघाडी सरकारने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचे हित असे त्याचे समर्थन झाले. लोकक्षोभामुळे तो अमलात आला नाही. जून २०२५ मध्ये महायुती सरकारने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा अतिरिक्त महसूल अपेक्षित असल्याचे सांगितले गेले. सरकारे बदलली तरी तिजोरीची तहान तीच राहिली. कर वाढवून मद्य महाग करणे यात गैर काही नाही, उलट त्याने सेवन कमी होण्याची शक्यता असते. पण या अतिरिक्त रकमेतील निश्चित हिस्सा श्वास तपासणी यंत्रे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, अपघातग्रस्तांचे उपचार आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांसाठी राखून ठेवण्यास कोणत्या सरकारची ना आहे? दारूने मिळवलेला पैसा दारूने केलेल्या जखमांवर तरी खर्च व्हावा.

महामार्गावरील मद्यविक्रीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयालाच पुढाकार घ्यावा लागला. राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्याची दुकाने नकोत, असा आदेश न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला. २० हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर करण्यात आले. त्यावर अनेक राज्यांनी काय केले? दुकाने हलवण्याऐवजी महामार्गांचेच नाव बदलले. शहरांतून जाणारे रस्ते महामार्गाच्या यादीतून काढून स्थानिक संस्थांच्या हवाली करण्याची धावपळ सुरू झाली. जुलै २०१७ मध्ये महापालिका व नगरपालिका हद्दींना आदेश लागू नसल्याचे स्पष्ट झाले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. रस्ता तोच, वाहने तीच, दुकान तेच. बदलला तो सातबाऱ्यावरचा शब्द. न्यायालयाच्या आदेशाला बगल देण्यासाठी जी तत्परता प्रशासनाने दाखवली, तिच्या दशांशाने तत्परता रक्ताचा नमुना दोन तासांत घेण्यात दाखवली, तर अनेक घरांना न्याय मिळेल.

विदर्भातील परिस्थितीला आणखी एक पदर आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. दारूबंदी असावी की नसावी, यावर मतभेद होऊ शकतात. तिच्यासाठी झगडलेल्या माउलींच्या अश्रूंविषयी मात्र मतभेद होऊ नयेत. बंदी असलेल्या जिल्ह्याच्या सीमेवरील दुकानातून पिऊन जो दुचाकीवर घरी परततो, त्याच्या वाटेवर कोणतीही तपासणी नसते. शहरातही स्थिती वेगळी नाही. मेट्रो आणि शहर बस रात्री थांबतात, मद्यालये त्यानंतरही सुरू असतात. ज्याला परवाना द्यायचा, त्या मद्यालयाने ग्राहकाला घरी पोहोचवण्यासाठी चालकाची अथवा भाड्याच्या वाहनाची सोय करावी, ही अट परवान्यातच घालणे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे अवघड नाही.

येथवर शासनाचे झाले. पण हा प्रश्न केवळ शासनावर सोपवून समाजाला हात झटकता येणार नाहीत. राम गणेश गडकऱ्यांनी आपले अखेरचे दिवस नागपूर जिल्ह्यातील सावनेरला काढले आणि जानेवारी १९१९ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांचे 'एकच प्याला' त्यानंतर रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाच्या मनात दारूविषयीचे भय कायमचे कोरून गेले. त्या नाटकातील सुधाकर बुद्धिमान वकील आहे, सुसंस्कृत आहे. दारूने तो स्वतःचा आणि सिंधूचा संसार धुळीस मिळवतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मद्यपीच्या हाती प्याला होता, आजच्या मद्यपीच्या हाती सुकाणूही आहे. त्यामुळे तो आता स्वतःबरोबर दुसऱ्याचाही संसार मोडतो, आणि त्या दुसऱ्या घराने त्याचे नावही कधी ऐकलेले नसते.

मध्यमवर्गीय घरांत दारू आता पूर्वीसारखी चोरून पिण्याची गोष्ट राहिलेली नाही. पदोन्नती झाली, मूल झाले, नवे घर घेतले की 'पार्टी' होते. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांच्या पायांत बळ कुठून येते, हे वधूपित्यालाही ठाऊक असते आणि वरपित्यालाही. न पिणाऱ्याची थट्टा होते, 'घे रे, थोडीशीच' असा आग्रह होतो. जेवणावळीत लाडवाचा आग्रह करण्याची आपली जुनी रीत आता भलत्याच पदार्थाला लावली गेली आहे. त्याच रात्री तो पाहुणा गाडीची चावी उचलतो, तेव्हा त्याचा हात धरण्याचे धैर्य मात्र यजमानाला होत नाही. पाहुण्याचा अपमान होईल असे त्याला वाटते. ज्याचा जीव वाचवायचा त्याचा अपमान होईल म्हणून त्याला मरू द्यायचे, आणि सोबत आणखी कुणाला मारू द्यायचे, याला आतिथ्य म्हणत नाहीत.

आणि मग तो तिसरा फोन. हा फोन करणारे लोक गुन्हेगार नसतात. ते सुशिक्षित असतात, मुलांवर जीव टाकणारे असतात, एरवी कायद्याचे पालन करणारे असतात. मुलगा चुकला, त्याचे आयुष्य बरबाद होऊ नये, एवढीच त्यांची भावना असते. ती भावना समजण्यासारखी आहे. परंतु ज्या क्षणी त्या मायेपोटी तपासणी लांबवली जाते, त्या क्षणी दुसऱ्या घरातील आईच्या न्यायाचा गळा घोटला जातो. शिवाय ज्या मुलाला वाचवले, तो खरोखर वाचतो काय? आपण केलेल्या कृत्याची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली, हे तो त्या रात्री शिकतो, आणि ही शिकवण त्याला आयुष्यभर पुरते. पुत्रमोहाने आंधळ्या झालेल्या धृतराष्ट्राची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आपल्या दिवाणखान्यात तीच घडत असताना ती ओळखू येऊ नये, हे दुर्दैव आहे.

फोन घेणाऱ्याचाही येथे विचार केला पाहिजे. समाजात चार माणसांच्या ओळखीचा, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा कार्यकर्ता हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा कणा आहे. मध्यरात्री त्यालाच फोन येतो. अशा वेळी 'मी पोलीस ठाण्यात येतो, पण तपासणी आधी होऊ दे' असे सांगणारा कार्यकर्ता समाजाचे मोठे हित साधेल. तो जामिनासाठी उभा राहू शकतो, वकील शोधून देऊ शकतो, खचलेल्या आईवडिलांना आधार देऊ शकतो. तपासणी अधिकाऱ्यावर दबाव आणणे एवढेच त्याने नाकारायचे आहे. त्याच रात्री त्याच कार्यकर्त्याने जखमीच्या घरच्यांसाठी रक्ताची सोय केली, तर त्याच्या सेवेला खरा अर्थ येईल. अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला पोलीस त्रास देणार नाहीत, असे संरक्षण २०१९ च्या सुधारणेने कलम १३४ अ मध्ये दिले आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचाराची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. ही माहिती वस्तीवस्तीत पोहोचवणे, गणेशोत्सव व नवरात्र मंडळांच्या व्यासपीठावरून ती सांगणे, लग्नघरी चालकाची व्यवस्था आधीच ठरवण्याचा आग्रह धरणे, यांसाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शासनाकडून अपेक्षा मोजक्याच आहेत. जीवघेण्या अपघातात सर्वप्रथम श्वास तपासणी व्हावी आणि तिची वेळ यंत्रानेच नोंदवावी. रक्ताचा नमुना घेताना चित्रीकरण व्हावे. दोन तासांची मुदत चुकल्यास संबंधित अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावे आणि ते न्यायालयापुढे जावे. लांब पल्ल्याच्या प्रवासी बसच्या चालकाची प्रत्येक फेरीपूर्वी तपासणी व्हावी. परवाना निलंबनाचे आदेश कागदावर न राहता अमलात यावेत. यांतील एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची किंवा अफाट खर्चाची गरज नाही. गरज आहे ती तिसऱ्या फोनला नकार देण्याच्या इच्छाशक्तीची, आणि ती मंत्रालयापासून पोलीस ठाण्यापर्यंत सर्वांनाच दाखवावी लागेल.

धंतोलीत आज रात्रीही एखादी रुग्णवाहिका थांबेल. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर कुणी वडील हातात चिठ्ठी घेऊन बसलेले असतील. त्या वडिलांना आपल्या मुलाला धडक देणाऱ्याचे नाव, जात, पक्ष, काहीही ठाऊक नसेल. त्याच वेळी शहरात दुसरीकडे कुणाच्या तरी हातात फोन असेल. तो फोन रुग्णवाहिकेला लावायचा की साहेबांना, हे ज्या क्षणी ठरते, त्या क्षणी कायदा तेथे उपस्थित नसतो. उपस्थित असतात ते फक्त आपले संस्कार. आपल्या मुलांना ते आपण काय देऊन ठेवले आहेत, याचे उत्तर प्रत्येक घराने अपघाताची वाट न पाहता आजच शोधावे.